ओकेचा शिक्का आणि एकशेसाठ धपाटी

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या कारखान्यात, मी तीस वर्षं फायनल इन्स्पेक्टर होतो. पत्र्याचे ब्रॅकेट तयार होऊन माझ्या टेबलावर आले की त्यांची भोकं बघायची, हे माझं काम. भोक जागेवर आहे का, गोल आहे का, कडेला पत्र्याची धार राहिली आहे का. सगळं बरोबर असलं तर ओके, नसलं तर लाल डबा. एका लग्नात माझ्या मामेभावाने चारचौघांत विचारलं, "म्हणजे तू दिवसभर भोकं बघतोस?" मी त्याच्याशी चार वर्षं बोललो नाही. पाचव्या वर्षी त्याच्या गाडीचा एक ब्रॅकेट तुटला, तेव्हा मी स्वतःहून फोन केला आणि विचारपूस केली.

आमच्या कंपनीत ओके हा शब्द बोलायचा नव्हता, मारायचा होता. प्रत्येक इन्स्पेक्टरला आपल्या नंबरचा शिक्का. शिफ्ट सुरू झाली की प्रेस लावून देणारा सेटर पहिला पीस काढून माझ्यापुढे आणायचा. तो मी मापून, उलटापालटा करून, उजेडात धरून बघेपर्यंत प्रेस बंद. सेटर उभा, ऑपरेटर उभा, घाईची ऑर्डर असली की मॅनेजरसुद्धा केबिनमधून येऊन उभा. "काय राव, होतंय का?" एवढंच हळूच विचारायचा. दहावी नापास माणसाच्या एका शब्दासाठी इंजिनिअर लोक ताटकळत उभे आहेत, हे सुख मी तीस वर्षं भोगलं. ते काही पगारात मिळत नाही.

रिपोर्टवर तोच शब्द हाताने लिहायचा, तेव्हा स्पेलिंग मात्र ज्याचं त्याचं. मी दोन अक्षरांमध्ये टिंब द्यायचो, कारण मला ते भारदस्त वाटायचं. दुसऱ्या शिफ्टचा इन्स्पेक्टर पूर्ण चार अक्षरं लिहायचा, कारण त्याची मुलगी इंग्लिश मीडियमला होती. एक नवा इंजिनिअर नुसतंच के लिहायचा. एकाच्याही स्पेलिंगमुळे कधी ब्रॅकेट वाकडा झाला नाही. शब्द आला कुठून, हे विचारायचं तर माझ्या डोक्यातही आलं नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर तासन्‌तास ज्या ट्रकच्या मागे अडकून पडायचो, त्याच्या पाठीवरही तो शब्द लिहिलेला असायचा. त्यावरून मी समजत होतो, की इंग्रजांनी रेल्वे आणली, तार आणली, तसा हाही आणला असेल. चांगल्या घरचा शब्द असणार, अशी माझी खात्री होती.

मग मी रिटायर झालो आणि थेरगावच्या घरात येऊन बसलो. आम्ही मूळचे लातूरकडचे. मुलगा नोकरीनिमित्त परगावी, त्यामुळे घरात मी आणि बायको दोघंच. पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या महिन्यात त्यांच्यावर तारखा चिकटवल्या. तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "तुमच्या कंपनीत पुन्हा घेतेत का बघा की." जित्याची खोड, दुसरं काय.

तिचंही आयुष्य काही बसून गेलं नव्हतं. माझ्या शिफ्टच्या वेळा, माझ्या आईचं लांबलेलं आजारपण, मुलाचं शिक्षण, यांतच तिची तीस वर्षं सरली होती. आपलं स्वतःचं काहीतरी असावं, असं ती अधूनमधून म्हणायची आणि मी "हं" म्हणायचो. या दिवाळीत पुनावळ्यातल्या एका सोसायटीत बचत गटाचा स्टॉल लागला. तिथे तिने धपाटी केली. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन, थोडी कणीक, कांदा, लसूण, तीळ, हिरवी मिरची. ओल्या फडक्यावर थापायचं, बोटाने भोकं पाडायची आणि तव्यावर टाकायचं. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. दोन तासांत स्टॉल रिकामा झाला. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंनी तिथल्या तिथे विचारलं, की आमच्या वार्षिक सभेच्या रविवारी सकाळी नाष्ट्याला एकशेसाठ धपाटी द्याल का? लोकांना आवडली तर दर रविवारची ऑर्डर पक्की.

बायको घरी आली ती रिक्षातून उतरतानाच बोलत होती. एरवी ती आनंद झाला की भांडी घासते. त्या संध्याकाळी घासून झालेली भांडी तिने पुन्हा घासली. मला म्हणाली, "हे जमलं पायजे ओ. हे एक जमलं पायजे." मी तिला सांगितलं, "काळजी करू नकोस, क्वालिटी मी बघतो." तिचा चेहरा जरासा उतरला, पण तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

आधी नमुना द्यायचा ठरला. सहा धपाटी डब्यात भरली. मी डांगे चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानातून हिरवे गोल स्टिकर आणले होते. एकावर टिंबं देऊन ओके लिहिलं, डब्याच्या झाकणावर मधोमध चिकटवलं आणि आम्ही स्कूटरवरून पुनावळ्याला गेलो. सेक्रेटरी बाई रिटायर्ड शिक्षिका होत्या, विषय इंग्रजी. त्यांनी एक धपाटं मोडून तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वा! फारच छान." बायको फुलली. मग बाईंनी झाकण हातात घेतलं, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

मी म्हणालो, "हो. तीस वर्षं तेच लिहीत आलोय."

"मग तुम्हाला याची गंमत माहीतच असेल."

मला गंमत माहीत नव्हती. ओकेमध्ये गंमत असते, हेच माहीत नव्हतं. बाईंनी मला समोर बसवलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. दीडदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत वर्तमानपत्रवाल्यांमध्ये एक खूळ शिरलं होतं. साधे शब्द मुद्दाम अडाण्यासारखे चुकीच्या स्पेलिंगने लिहायचे आणि वर त्यांची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट' म्हणजे सगळं बरोबर. त्यातलं ऑल त्यांनी ओ लावून लिहिलं आणि करेक्ट के लावून. झालं ओके. बाकीचे विनोद मेले, हा जगला. पुढे एका निवडणुकीच्या प्रचारात वापरला गेला आणि देशभर पसरला. "वेगवेगळ्या कथा सांगतात," बाई म्हणाल्या, "पण अभ्यासक जास्त करून हीच धरतात."

मी विचारलं, "म्हणजे दोन अक्षरांतलं बरोबर कुठलं?"

"एकही नाही," बाई आनंदाने म्हणाल्या. "तीच तर गंमत."

दोनपैकी दोन चूक. शंभर टक्के रिजेक्शन. आणि अर्थ काय, तर सगळं बरोबर! आमच्या कंपनीत असा पीस आला असता तर मी सेटरला घरी पाठवलं असतं. आणि हाच शब्द मी तीस वर्षं, रोज, हजारो ब्रॅकेटांवर, देवाचं नाव घेतल्यासारखा मारत आलो होतो. बाईंनी दिलेला चहा मी तसाच ठेवून उठलो.

परत येताना सिग्नलला स्कूटर थांबली. मागून बायको म्हणाली, "बाईला आवडलं की ओ."

मी म्हणालो, "दोन्ही अक्षरं चुकीची."

"डोळे मिटून खाल्लं त्यांनी. बघितलं का?"

"कुणी तपासलंच नाही. छापून मोकळे झाले."

"चटणी थोडी जास्त द्यावी का?"

"वर्तमानपत्रवाले म्हणल्यावर काय बोलायचं!"

आम्ही दोघं एकाच स्कूटरवर होतो, एवढंच खरं.

रात्रभर मी विचार केला आणि सकाळी निर्णय घेतला. शब्दाचा जन्म कसाही असो, त्याची इज्जत तो मारणाऱ्याच्या हातात असते. अमेरिकेतल्या टवाळांनी केलेली घाण मी थेरगावात निस्तरायची ठरवली. एकशेसाठ धपाट्यांमधलं एकही धपाटं माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय डब्यात जाणार नाही. पेटीतून जाडी मोजायचा जुना व्हर्निअर काढला. जाड पुठ्ठ्याची एक चकती कापून तिला पाच भोकं पाडली, मधे एक आणि चार बाजूंना चार. ही चकती धपाट्यावर ठेवायची आणि पाचही भोकं जुळतात का ते बघायचं. बायकोने ती उचलून उजेडात धरली आणि तिच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"धपाट्याला भोकं का पाडतेत, ठावं हाय का तुम्हाला? तेल आत जावं म्हणून. भाजायला बरं पडतं म्हणून."

"तेलालासुद्धा आपली जागा माहीत पाहिजे," मी म्हणालो. तिने चकती खाली ठेवली आणि पीठ मळायला घेतलं.

तो रविवार उजाडला. पहाटे पाचपासून दोन शेगड्या पेटल्या. मदतीला शेजारच्या मावशी आल्या होत्या. मावशी अस्सल थेरगावच्या. त्यांची शेतं होती तिथे आता इमारती उभ्या आहेत, पण मावशींचं बोलणं अजून शेतातलंच. बायकोला त्या पोरी म्हणतात आणि त्या नात्याने मला जावईबापू. बायको थापत होती, मावशी भाजत होत्या आणि मी स्वयंपाकघराच्या दारात टेबल टाकून बसलो होतो. समोर हाताने आखलेली चेकशीट, उजवीकडे हिरव्या स्टिकरांचं पाकीट, डावीकडे लाल बादली. बादली नवी होती, धुऊन पुसून ठेवलेली. त्या बाबतीत मला कुणी नावं ठेवू नयेत.

पहिलं धपाटं आलं. मी हात वर करून सांगितलं, "थांबा. फर्स्ट पीस."

दोघी थांबल्या. मी जाडी चार ठिकाणी मोजली. चकती ठेवली. उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं. तिकडे तव्यावरचं दुसरं धपाटं करपायला लागलं.

"जावईबापू, पोरगी बघाय आलायसा का काय?" मावशी म्हणाल्या. "आवरा की वाईच. तवा काय तुमच्यासाठी थांबतूय व्हय?"

मी पहिला पीस पास केला, त्यावर तारीख-वेळेची चिठ्ठी लावली आणि नियमाप्रमाणे फळीवर ठेवून दिला. फर्स्ट पीस शिफ्ट संपेपर्यंत समोर ठेवायचा असतो, म्हणजे पुढचा माल त्याच्याशी ताडून बघता येतो. मग काम सुरू झालं. आणि मला सांगायला आनंद वाटतो, की माझी नजर जराही मंद झालेली नव्हती. मधलं भोक दोन सूत सरकलेलं, बादली. कडेला चीर, बादली. एका बाजूला काळा डाग, बादली. एक धपाटं गोल होण्याऐवजी बार्शी तालुक्याच्या नकाशासारखं झालं होतं, ते तर मी दुरूनच ओळखलं. दोघी इतक्या घाईत होत्या, की बादलीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पीठ बरोबर एकशेसाठ-पासष्टचं मळलेलं होतं.

आठ वाजता टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. बायकोने हात धुतले, पदराने घाम टिपला आणि डबे मोजायला आली. मोजले. पुन्हा मोजले. मग तिची नजर बादलीवर गेली.

"हे काय?"

"रिजेक्शन," मी म्हणालो. "चौतीस. तसं टक्केवारीत जरा जास्त आहे, पण पहिली बॅच म्हणजे चालायचंच."

ती खाली बसली आणि बादलीतलं वरचं धपाटं उचलून बघितलं. नऊला सभा होती. मळलेलं पीठ संपलं होतं. ज्वारीचं पीठ दळून आणावं तर गिरणी अजून उघडली नव्हती. लोक ताटं घेऊन उभे आणि चौतीस धपाटी कमी, हे तिच्या डोळ्यांपुढचं चित्र मलासुद्धा दिसलं. तोपर्यंत मला ते सुचलंच नव्हतं. कंपनीत रिजेक्शन झालं की पुन्हा माल काढणारा कुणीतरी दुसरा असायचा.

"काय झालं ह्याला?" तिने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"भोक सरकलंय."

"आणि ह्याला?"

"कड."

"आणि चव?"

मी चेकशीट बघितली. खरंच सांगतो, मी चेकशीट बघितली. जाडी होती, व्यास होता, भोकं होती, रंग होता. चव नव्हती.

मावशींनी उलथनं खाली ठेवलं. "पाटंपास्नं बसलाय हितं. येक तरी तोंडात घालून बघितलंसा का न्हाई?"

मी म्हणालो, "नाही."

मग बायको बोलली. "तीस वर्षं माझ्या हातचं खायलात. डबा घेऊन गेलात, डबा रिकामा आणलात. एका दिवशी तरी चांगलं झालंय म्हणलात का?"

"मी कधी नाव ठेवलं का?" हे मी लगेच म्हणालो, कारण मला ते फार मजबूत उत्तर वाटलं.

"मीठ कमी पडलं त्या दिवशी सांगितलं. पोळी करपली त्या दिवशी सांगितलं. बाकीच्या दिवशी भिंतीकडं बघून जेवलात. तिकडं पत्र्याच्या तुकड्याला बघून बघून शिक्का मारत होतात. दिवसाला हजार. मला एक नाही."

हॉर्न पुन्हा वाजला. मावशी उगाच गॅसचं बटण तपासू लागल्या. मी इतकी वर्षं समजत होतो, की तक्रार नाही म्हणजेच पसंती, आणि हे तिला कळतं. पण तिला ते कळलेलं नव्हतं. कळणार कसं? शिक्का न मारलेला पीस मीसुद्धा कधी पुढे जाऊ दिला नव्हता. मला लाज वाटली, आणि ती लपवायला जागा नव्हती, कारण दारात टेबल मीच टाकलं होतं.

मी बादलीतलं एक धपाटं घेतलं. तेच, बार्शीच्या नकाशाचं. उभ्यानेच खाल्लं. कड कुरकुरीत होती, आत मऊ होतं, लसूण लागत होती आणि मिरची सगळ्यात शेवटी येत होती. ही चव मला पाठ होती. पहिल्या शिफ्टला साडेपाचची बस पकडायचो, तेव्हा डब्यात हीच असायची. मी ती इतकी वर्षं गिळत आलो होतो आणि डोकं भोकांमध्ये होतं.

"चांगलं झालंय," मी म्हणालो. "फार चांगलं झालंय. नेहमीच होतं." आणि उरलेला तुकडा तोंडात टाकला.

ती उठली. "आता भाषण नको. ती चौतीस भरू लागा," म्हणाली. तिने तोंड फिरवलं होतं, त्यामुळे मला चेहरा दिसला नाही. एक मी खाल्लं होतं, म्हणून फळीवरचा फर्स्ट पीस चिठ्ठी काढून डब्यात टाकला आणि एकशेसाठ पूर्ण केली. तीस वर्षांत फर्स्ट पीस डिस्पॅच करण्याची माझी ती पहिली वेळ.

सोसायटीत सभा पार्किंगवरून पेटली होती. लोक तावातावाने भांडत होते आणि धपाटी खात होते. भोकांकडे एकाही माणसाने बघितलं नाही. मी मुद्दाम खांबाशी उभा राहून लक्ष ठेवलं होतं. एक गृहस्थ तर धपाट्याची गुंडाळी करून दह्यात बुडवत होते, म्हणजे माझ्या चकतीचं काय मोल उरलं ते बघा. दहाच्या आत डबे रिकामे झाले. बाईंनी बायकोचे दोन्ही हात धरले आणि पुढच्या रविवारपासून ऑर्डर पक्की केली. मग मला म्हणाल्या, "आज स्टिकर नाही का आणलेत?" मी म्हटलं, "घाईत राहिले." बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

घरी आल्यावर तिने अट घातली. स्वयंपाकघरात थांबायचं तर टेबल, व्हर्निअर, चकती बंद. पहिलं धपाटं मी खायचं. खाऊन मोठ्याने एक वाक्य बोलायचं. नुसता ओके चालणार नाही. "बाई म्हणाल्या तो टवाळकीचा शब्द हाय. तुमचा तुमचा शब्द काढा," ती म्हणाली. म्हणजे पुनावळ्यात तिने सगळं ऐकलं होतं. तिचं लक्ष चटणीकडे होतं, असं मला वाटत होतं.

हे काम भोकं बघण्यापेक्षा अवघड निघालं. पहिल्या रविवारी मी म्हणालो, "फार खमंग झालंय." दुसऱ्या रविवारी म्हणालो, "लसूण मस्त लागतीये." तिसऱ्या रविवारी माझा साठा संपला आणि मी पुन्हा "फार खमंग झालंय" म्हणालो. मावशी म्हणाल्या, "जावईबापूंची टेप अडाकली." बायको प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची आणि पुढचं थापायला घ्यायची. मला कळायचं, की तिचा पुरता विश्वास बसलेला नाही. तिला वाटत होतं, की भांडण झालं म्हणून हा माणूस गोड बोलतोय.

चौथ्या रविवारी पहिलं धपाटं माझ्या हातात आलं. मी खाल्लं. पुन्हा एक तुकडा खाल्ला. काय करावं सुचेना. एकीकडे घरातली शांतता, दुसरीकडे तीस वर्षांची नोकरी. शेवटी खाली बघत म्हणालो, "आज मीठ जास्त झालंय."

मावशींचा हात तव्यावर थांबला. बायकोने माझ्या हातातला तुकडा घेतला, चावला, आणि म्हणाली, "खरंच की. दोनदा पडलं." तिने परातीत पीठ वाढवलं आणि पुन्हा मळायला लागली. मी खाली मान घालून उभा होतो. थोड्या वेळाने वर बघितलं तर ती मळता मळता एकटीच हसत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणजे मागचे तीन रविवार खरं बोलत होतात तुम्ही."